उन्हाळी

नाडकर्णी सिस्टरांनी तीन वर्षांत मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘फुलंब्री’ होते. हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी मुलगी ‘सोयगाव’. वॉर्डाच्या दारात उभ्या राहून त्या ओरडायच्या, “ए फुलंब्री, सोयगावला घेऊन ये आणि दोघी मिळून सतरा नंबरचा एनिमा द्या!” सतरा नंबरवाला नवा असेल तर बिचारा उठून बसायचा. एका माणसावर दोन गावं चालून येणार म्हटल्यावर आणखी काय करील? आमच्या वर्गातली रजिया शहरातलीच, म्हणून तिला त्या ‘सिटी’ म्हणत. तिला ती बढतीच वाटायची.

सिस्टर दादरच्या. नर्सिंगच्या आमच्या शिक्षिका म्हणून मुंबईहून औरंगाबादला त्यांची बदली झाली होती. ही बदली शिक्षा होती की नाही ते सरकारला ठाऊक, पण शिक्षा भोगली ती आम्ही. पोलीस अ‍ॅक्शन होऊन वीस-बावीस वर्षं उलटली होती, तरी सिस्टरांना आमच्या बोलण्यात अजून निजामाचं राज्य ऐकू यायचं. तोंडातून ‘लई’ निघालं की पेशंटच्या समोर उभं करून त्या दहा वेळा ‘खूप’ म्हणायला लावायच्या. ‘व्हय’ निघालं की दहा वेळा ‘हो’. पेशंटांची फुकटात करमणूक व्हायची. एका आजीबाईंना तर माझी इतकी दया आली, की सिस्टर येताना दिसल्या की त्या आधीच कुजबुजायच्या, “पोरी, खूप म्हण बरं का. नायतर ती बाई लई वरडती.”

एवढ्यावरच भागलं असतं तरी आम्ही निभावून नेलं असतं. पण ड्यूटीच्या वेळात मला गुलमंडीच्या बाजारात पिटाळून त्या ब्लाउजपीसचा रंग जुळवून आणायला सांगायच्या. हिवाळ्यात लोकरीची लडी आमच्या हातांवर चढवून गुंडे करून घ्यायच्या. ड्रेसिंगचा ट्रे मनासारखा लावला नाही तर तो उलटा करून म्हणायच्या, “हे हॉस्पिटल आहे, तुमचा आठवडी बाजार नाही.” पेशंट ऐकतोय, त्याचे नातेवाईक ऐकतायत, झाडूवाली मावशी ऐकतेय, याचं त्यांना काहीच नसायचं. संध्याकाळी हॉस्टेलच्या नळावर आम्ही तोंडं धुवायचो. त्यात पाणी किती आणि रडणं किती ते कुणी कुणाला विचारायचं नाही.

आणि तरीही काम शिकावं ते त्यांच्याकडूनच. इंजेक्शन त्यांनी दिलं तर पेशंट विचारायचा, “कधी देणार?” रडकं पोर त्यांच्या हातात गप्प व्हायचं, बहुधा भीतीने, पण व्हायचं. त्यांची वाक्यं माझ्या डोक्यात आजही घट्ट बसली आहेत. “चादरीची सुरकुती म्हणजे पेशंटच्या पाठीवरची उद्याची जखम.” “नर्सच्या चपला वाजल्या की समजावं, डोकं हॉस्टेलात राहिलंय.” आणि सगळ्यात लाडकं, “औषध वेळेवर, रडणं सुटीत.” आता राग येत नाही असं म्हणणार नाही. येतो. पण चादर घालताना कोपरा दुमडला की हात आपोआप त्यांच्यासारखा फिरतो, मग रागाला जागा कुठे ठेवायची ते कळत नाही.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसायचं तर रेकॉर्ड बुक पूर्ण हवं. वॉर्डात केलेलं प्रत्येक काम त्यात लिहायचं आणि प्रत्येक पानावर सिस्टरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. माझ्या बाबतीत त्याच्या पुढचंही ठरलेलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला इथे पाठवताना बजावलं होतं, “शिक, नाय कोण म्हणतंय? पण एक परीक्षा जरी हुकली तर गुमान घरी यायचं. पावण्यांना मी थांबवून ठिवलंय.” त्या पाहुण्यांचा मुलगा मी पाहिला नव्हता, पाहायचीही इच्छा नव्हती. मला पांढरा गणवेश हवा होता. त्यामुळे सिस्टरांनी गुलमंडी म्हटलं की मी गुलमंडी गाठत होते.

मे महिना होता. पुरुषांच्या वॉर्डात दौलताबादचे भागाजीबाबा होते. बैलगाडीवरून पडून पाय मोडला होता, मांडीपासून प्लॅस्टर. सकाळच्या फेरीला सिस्टर आणि मागे आम्ही पाचसहा मुली. सिस्टरांनी विचारलं, “काय आजोबा, कसं काय?”

बाबा आमच्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत म्हणाले, “रातीपासून उन्हाळी लागलीय, बाई. लई आग व्हती.”

सिस्टरांचा चेहरा उजळला. त्यांना शिकवायला विषय सापडला होता. “बघा मुलींनो, उष्माघात! पुस्तकात वाचलात, आता डोळ्यांनी बघा. सिटी, बर्फ आण. सोयगाव, चादर भिजव. फुलंब्री, टेंपरेचर.”

उन्हाळी लागणं म्हणजे ऊन लागणं नव्हे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, ती उन्हाळी. समोर पाचसहा पोरी उभ्या असताना म्हाताऱ्याने लाजेकाजेने झाकलेला शब्द वापरला, आणि सिस्टरांनी तो थेट उन्हात नेऊन ठेवला. मी थर्मामीटर पाहिला. पारा अठ्ठ्याण्णवच्या जवळ.

“ताप नाहीये, सिस्टर.”

“तुला वाचता येत नाही,” सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “फुलंब्रीत थर्मामीटर पोचला नसेल अजून.”

दोनचार पेशंट हसले. तोवर प्लॅस्टर सोडून बाबांच्या अंगावर ओली चादर आणि डोक्यावर बर्फाची पिशवी आली होती. बाबा कुडकुडत म्हणाले, “आवं बाई, दुखनं कुठं अन् बरफ कुठं ठिवताय!” सिस्टर आमच्याकडे वळून म्हणाल्या, “बघा, उष्माघातात माणूस बरळतो. लिहून घ्या.” आणि मुलींनी लिहून घेतलं!

रजिया मला कोपराने ढोसत होती. तिलाही शब्द कळला होता. तिच्या डोळ्यांत दिवाळी होती. तीन वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ कुठली? सगळा वॉर्ड ऐकतोय, एक वाक्य बोलायचं की झालं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मी बाबांकडे पाहिलं. मी म्हटलं, “सिस्टर, एक मिनिट बाहेर येता का? लिननच्या खोलीत जरा बघायचं होतं.”

चादरींच्या ढिगापाशी उभी राहून मी खालच्या आवाजात त्यांना उन्हाळीचा अर्थ सांगितला. सिस्टर काही क्षण एका चादरीची घडी बोटाने सरळ करत राहिल्या. मग वॉर्डात गेल्या, बर्फाची पिशवी स्वतःच्या हाताने काढली, बाबांचं अंग कोरडं केलं. “आजोबा, आता जरा गार वाटलं ना? आता भरपूर पाणी प्यायचं,” असं सांगून त्या डॉक्टरांना घेऊनच आल्या. लघवी तपासायला गेली, औषध सुरू झालं, दोन दिवसांत बाबा माणसात आले.

चौथ्या दिवशी सगळ्यांची रेकॉर्ड बुकं सह्या होऊन परत आली. माझं आलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, “तुझं बघू.” आठ दिवस त्या बघतच राहिल्या. परीक्षेचे फॉर्म भरायला तीन दिवस उरले.

रजिया म्हणाली, “तू कायकू डरती? मेट्रनकू अर्जी देतें अपन. सब मिलके.” आम्ही अर्ज लिहिला. पेशंटांसमोर होणारा अपमान, गावाच्या नावाने हाका, गुलमंडी, लोकर, अडवलेली सही. खाली सात जणींची नावं. रजियाला त्यात बर्फाचं कलम घालायचं होतं. तिच्या मते सगळ्या अर्जात जीव तेवढ्या एका कलमात होता. मी नको म्हटलं. ती माझ्यावर रुसली, पण नाव आणि सही तिचीच पहिली होती.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर मेट्रनने त्यांच्याकडे पाठवलेला आमचा अर्ज होता, शेजारी माझं रेकॉर्ड बुक. सिस्टरांचा चेहरा उतरलेला होता. मी उभी राहिले.

“हे सगळं खरं आहे?”

“हो, सिस्टर.”

“बर्फाचं यात का नाही?”

“तो शब्द तुम्हाला ठाऊक नव्हता. नसतो एखाद्याला ठाऊक. त्याची तक्रार कशी करायची?”

त्यांनी अर्ज उलटा ठेवला. “आणि त्या दिवशी मला बाहेर का नेलंस? तिथेच बोलायचं होतंस. सगळ्यांना आवडलं असतं.”

“बाबांना त्या दिवसाचं औषध तुमच्याच हातून घ्यायचं होतं, सिस्टर. त्यांच्यासमोर तुमचं हसं झालं असतं, तर त्यांनी ते भरवशानं घेतलं असतं का?”



“हे मी तुम्हाला कधी शिकवलेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुमच्याकडूनच शिकले, सिस्टर. तीन वर्षं पेशंटांसमोर उभी राहून.”

त्यांचे कान लाल झाले. माझा टोमणा त्यांनी बरोबर ओळखला होता. तो निव्वळ टोमणा नव्हता, हेही त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी पेन उघडलं आणि एकेक पान उलटत सह्या करत गेल्या. एकही पान गाळलं नाही. मग पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं आणि वर न बघता म्हणाल्या, “इथे काय उभी राहिलीस? जा. वॉर्डात पेशंट आहेत.”