मकबऱ्याची भिंत आप्पांना ओळखू आली

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलेलं कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथं लिहितेय.

माझे वडील, आप्पा, गवंडी होते. मकबऱ्याच्या डागडुजीत कितीतरी वर्षं त्यांनी चुन्याचा गिलावा केला. आता सगळं विसरलेत. दोन महिन्यांपासून मलाही ओळखत नाहीत, घरात "बाई" म्हणून हाक मारतात. कामाची जागा बघून काही आठवेल, एवढीच आशा उरली होती, म्हणून आज त्यांना मकबऱ्यात नेलं.

चौथऱ्यावर चढताना मी चपला काढायला वाकले आणि तेवढ्यात आप्पा गायब. कारंजी बघितली, चारी मिनार बघितले, वॉचमनला रडत रडत विचारलं.

सापडले ते मागच्या बाजूला. भिंतीला अंगठ्याचं नख लावून गिलावा वाळला का ते बघत होते. मी हात धरायला गेले तर खेकसले, "लांब व्हा बाई. चुना वला हाय अजून. माझी पोरगी डबा घेऊन यायलीय, तिला दाखवायचाय."

शाळा सुटली की त्यांचा डबा मीच न्यायचे.

"आप्पा, मीच ती," मी म्हणाले.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "नाय बाई, ती लई लहान हाय."

मग तासभर आम्ही दोघं तिथंच बसून तिची वाट बघत होतो.

उद्या त्यांना कुणाबरोबर तरी पुन्हा तिथं पाठवू, आणि मी मागून डबा घेऊन जाऊ का? तेव्हा तरी ओळखतील का हो?