मोरवाल्या बाईची पूजा

माझी शोभा मीच कशी करून घेतली ते सांगतो, चहा गार झाला तरी चालेल.

मंजिरी, म्हणजे माझी बायको, इथे सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. विषय काय, तर बरोक काळातल्या, सतराव्या शतकाच्या आसपासच्या, युरोपियन पुस्तकांची पहिली पानं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. त्यात बायका, पशुपक्षी, खांब, कमानी, नुसती जत्रा. आणि प्रत्येकाला म्हणे काहीतरी अर्थ असतो. मी आयटीवाला. चित्र बघायला शिकावं कशाला लागतं, असं माझं मत होतं.

दसऱ्याला तिच्या प्रोफेसरबाई आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटवर जेवायला येणार होत्या. मंजिरीचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, वाढवायचं की नाही ते बाईंच्या हातात. म्हटलं, आपणही जरा छाप पाडू.

मंजिरी त्यांना आणायला एलआरटी स्टेशनवर गेली आणि मी पूजेला लागलो. सरस्वतीचा फोटो काही सापडेना. टेबलावर बाईंनीच अभ्यासाला दिलेलं एक फ्रेम केलेलं पान होतं. त्यात खाली एक बाई, शेजारी मोर, पायाशी पुस्तकं. आणखी काय पाहिजे हो? वीणेच्या जागी हातात आरसा होता. म्हटलं, सणाचा दिवस, आवरत असेल.

काचेवर हळदकुंकू, वर झेंडूचा हार, पुढे मंजिरीचा लॅपटॉप. झकास.

बाई आल्या आणि बघतच राहिल्या. मंजिरीचा चेहरा उतरला. मला वाटलं, भारावली. मी बाईंना विद्येची देवता समजावायला घेतली. मोर का, पुस्तकं का, सगळं.

"अरे, पुरे," मंजिरी मागून म्हणाली.

"थांब गं, त्यांना कळू दे."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विद्या वर आहे, कमानीवर. हातात दिवा आहे बघ."

"मग ही खालची?"

"हा गर्व. म्हणून मोर, म्हणून आरसा. विद्येने त्याला खाली ढकललंय."

"आणि पुस्तकं?"

"न वाचता टाकलेली."

माझ्या हातात आरतीचं तबक तसंच. ते कुठे ठेवावं कळेना. "सॉरी मॅडम, लगेच पुसतो."

"राहू दे लाह, काच आहे," असं खास सिंगापुरी 'लाह' लावून म्हणत बाई जेवायला बसल्या. श्रीखंड मागून घेतलं. मी मात्र मान खाली घालून पुऱ्या वाढत होतो.

हात धुऊन आल्यावर त्या म्हणाल्या, "मंजिरी, तुझं एक वर्ष वाढवू या. संशोधनातलं गर्वावरचं प्रकरण अर्धंच राहिलंय ना?"

आम्ही दोघं खूश. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि नमुना तर तुझ्या घरातच आहे."