मशीनचा ताप

आमच्या चुडावा गावात कुणाचंही लग्न असो, लाऊडस्पीकर गावातल्या एकुलत्या एक स्पीकरवाल्याचाच. ॲम्प्लिफायरशेजारी खुर्ची टाकून तो बसतो आणि तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा अधूनमधून त्या पत्र्यावर पालथा हात ठेवतो. मग वास घेतो, कान लावतो आणि जाहीर करतो, "ह्याचं काही खरं न्हाई. पंगत उठायच्या आत जळतंय." बुंदी वाढेपर्यंत ते खरंच जळतं. तोवर त्यानं दुसरं जोडून ठेवलेलं असतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात जळालेल्या मशीनचं दुःख करायचं तो विसरूनच जातो.

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला माईक धरला. ते काही संपेचना. मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या, मुहूर्त टळायची वेळ आली, भटजी सारखे घड्याळ बघू लागले. पण वरपक्षाच्या माणसाला थांबवायची कुणाची छाती होईना.

तेवढ्यात स्पीकरवाल्यानं मशीनवर हात ठेवला आणि ओरडला, "लय तापलंय! आता पेटतंय बघा!" खटकन बटण बंद केलं. मामांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. भटजींनी घाईघाईनं शेवटचं मंगलाष्टक खड्या आवाजात उरकलं, अक्षता पडल्या, बँड वाजला.

तो पाण्याचा तांब्या घेऊन थेट मामांकडं गेला.

"मामा, तुमच्या आवाजापुढं आमचं मशीन टिकलं न्हाई बघा!"

मामा खूश झाले.

मी हळूच मशीनवर पालथा हात ठेवला. रांजणासारखं गार होतं.