डोंगरअक्काचा हात

डोंगरअक्काला तिच्या सख्ख्या पुतण्याने फसवलं. तो त्या गावचा सरपंच. तिच्याच तोंडचे शब्द आणि तिचाच हात वापरून त्याने गावाचा डोंगर खडीच्या मशीनवाल्याला दिला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या गावात आता या गोष्टीचं वेगळंच रूप सांगतात. म्हणतात, अक्काच हो म्हणाली होती. फोटो आहे म्हणे. फोटो आहे, खरं आहे. तो काढला गेला तेव्हा मी तिथेच उभा होतो.

मी बागवान. फळांचा धंदा आमच्यात पिढ्यांचा, पण माझ्या वाट्याला बापाची एक वेताची टोपली तेवढी आली. स्टँडवर ती डोक्यावर घेऊन फिरलो, मग हातगाडी केली, मग टेम्पो घेतला. पिंपळनेरपासून शिंदखेड्यापर्यंत ज्या ज्या डोंगरावर सीताफळ आहे, तिथला बहार, म्हणजे हंगामाचं सगळं फळ, मी कधी ना कधी घेतला आहे. भाव करण्यात मी वाईट माणूस आहे. समोरच्याला घाम फुटल्याशिवाय सौदा सोडत नाही आणि डोकं फिरलं तर झालेला सौदाही मोडतो. आयुष्यात मी हरलो तो फक्त या बाईसमोर.

डोंगर गायरानातला, म्हणजे गावाच्या मालकीचा. बहाराचे पैसे ग्रामपंचायतीत जमा व्हायचे. अक्का पंचायतीत कोणीही नव्हती. तरी पहिल्या वर्षी मला सगळ्यांनी एकच सांगितलं, "आधी डोंगरअक्काला भेट." पायथ्याच्या एका काळ्या दगडावर ती बसलेली होती. काटक, उन्हाने करपलेली, दातांना मिश्री. मी नमस्कार केला तर म्हणाली, "भाव तू सांग, अटी मी सांगस."

मला वाटलं, बरी सापडली. भावात मी तिला खाली ओढलं आणि ती हूं का चूं न करता ऐकत राहिली. मग अटी सुरू झाल्या. फांदी मोडायची नाही. तोडायला बाया याच गावच्या. डोळे उघडल्याशिवाय, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढऱ्या पडून फाकल्याशिवाय, फळ तोडायचं नाही. आणि माथ्यावरच्या झाडांना हातच लावायचा नाही, तो पाखरांचा वाटा. मी उसळलो, "अक्का, पाखरं काय मला गिऱ्हाईक आणून देणार आहेत?"

"पाखरं नही तं बी कोन पेरी? तू का मी?" ती म्हणाली. "हाऊ डोंगर कोन्ही लायेल नही, बागवान. पाखरेस्नी लायेल शे. तू त्यास्ना पाहुना शे."

डोंगर कुणा माणसाने लावलेला नाही, पाखरांनी लावलेला आहे, आणि मी त्यांच्याकडे आलेला पाहुणा. यावर घासाघीस कशी करणार? मी अटी मान्य केल्या. त्यानंतरच तिने बकरीच्या दुधाचा चहा दिला. सौदा होईपर्यंत ती पाणीसुद्धा विचारायची नाही.

गावात नवी सून आली की हळद उतरायच्या आत अक्का तिला डोंगरावर घेऊन जायची. सासवा कुरकुरायच्या, पण अडवायची हिंमत कुणाची नव्हती. पायथ्याशी थांबून ती त्या पोरीला सांगायची, "हाऊ तुना मोठा सासरा. याना म्होरे डोकावर पदर नही लिधा तरी चाली." मग वर नेऊन एक झाड निवडायला लावायची. "हाई झाड तुनं. घरमा भांडन व्हयनं तं आठे ये." आणि पोरी खरंच जायच्या. एकदा एक नवरा बायकोला शोधत अक्काच्या दारात येऊन ओरडत होता. मी तिथेच चहा पीत होतो. अक्का जागची हललीसुद्धा नाही. "ती तिना झाडखाल बशेल शे. तिना मन व्हई तवय यी. तू घर जाय, भाकरी टाक." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "भाऊ, माझ्याकडे बघू नकोस, मलाही इथे काही चालत नाही."

या झाडांच्या वाटणीने माझा धंदा मात्र जिकिरीचा करून ठेवला होता. तोडणीला आलेली प्रत्येक बाई आधी आपल्या झाडाकडे धावायची. दुसरीने हात लावला की भांडण. मी बोंबलायचो, "अगं, फळं मी घेतली आहेत, झाडं नाही!" त्या हसायच्या. पण त्या डोंगरावरून कधी दडपलेलं, फुटलेलं फळ माझ्या टोपलीत आलं नाही, हेही खरं. आपल्या झाडाचं फळ बाई वरून फेकत नाही.

एका वर्षी बाजार चढला होता आणि माझ्या माणसांनी घाईघाईत कोवळा माल भरला. अक्काने टेम्पो अडवला. वरच्या टोपलीतलं एक फळ उचलून माझ्या नाकासमोर धरलं. "आजून डोया नही उघडनात, नि बजारले लई चालना तू?" मी भडकलो, नको ते बोललो. ती टेम्पोच्या चाकासमोर मातीत मांडी घालून बसली आणि मिश्री लावायला लागली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी ती टोपली उतरवली. एका टोपलीसाठी चाकासमोर बसणारी बाई होती ती. हे लक्षात ठेवा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की ती सगळ्या गावाला डोंगरावर न्यायची. पोरं, म्हातारे, सुना, सगळे. वर उभी राहून एक हात आभाळात टाकून विचारायची, "डोंगर कोना शे?" आणि गाव हात वर करून ओरडायचं, "बठ्ठास्ना!" सगळ्यांचा. समोरच्या टेकडीवरून आवाज परत यायचा. तिचा पुतण्या लहानपणी तिच्या शेजारी उभा राहून सगळ्यात मोठ्याने ओरडायचा, असं ती मला कौतुकाने सांगायची. तिला मूलबाळ नव्हतं. वाढवला तो तिनेच.

तो सरपंच झाला आणि महामार्गाच्या कामाला खडी लागायला लागली. डोंगर द्यायला ग्रामसभेची संमती हवी होती. अक्का जिवंत असताना ती मिळणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून त्याने अक्काचा सत्कार ठेवला. ग्रामसभा असल्याचं कुणाला बोलला नाही. मी बहाराची बोलणी करायला आलो होतो, मारुतीच्या पारामागे उभा होतो. त्याने अक्काला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, पाया पडला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "अक्का, आज आपली आरोळी इथे होऊ द्या."

ती उठली. हात वर टाकला. "डोंगर कोना शे?"

"बठ्ठास्ना!" सगळे हात वर.

"हात खाली करू नका," सरपंच म्हणाला, "अजून एक फोटो." चकचकीत बुटातला एक अनोळखी माणूस पुढे येऊन फोटो काढत होता. मी सरपंचाला विचारलं, "एवढे फोटो कशाला रे?" तो हसला. "पेपरात द्यायचेत, बागवानभाऊ. अक्का फेमस होऊ दे की." सत्काराला आलो म्हणून लोकांनी पुढे केलेल्या वहीत सह्या केल्या, पेढे खाल्ले आणि घरी गेले.

काही आठवड्यांनी पोकलेन आलं. अक्का त्याच्यासमोर जाऊन बसली, माझ्या टेम्पोसमोर बसली होती तशीच. मला फोन आला, मी धावत गेलो. गाव भोवती उभं होतं. मला वाटत होतं, आता हे यंत्र परत जाणार. सरपंच तिच्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने मोबाईलवरचा तो फोटो तिच्यासमोर धरला. "अक्का, संमतीचा ठराव झालाय. हे बघ. सगळ्यांत वर तुझाच हात आहे."

तिने फोटोतल्या त्या हातावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "हाऊ हात मनाच शे." हात माझाच आहे. आणि गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वाटेतून बाजूला झाली.

मी वेडापिसा झालो. तिच्या मागे घरापर्यंत गेलो. "अक्का, ही फसवणूक आहे! चला धुळ्याला, कलेक्टरकडे चला, गाडी माझी, वकील मी देतो." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "गावना समोर हात वर कया, बागवान. मना हात खोटा शे, आशे मी कोनले सांगू?" मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. सौद्यातली सगळी हत्यारं वापरून झाली. तिच्या लेखी चारचौघांत वर केलेला हात परत घेता येत नव्हता, तो कुणी कशाला वर करवून घेतला याला किंमत नव्हती. तिच्याशिवाय मी तक्रार केली. साहेबाने विचारलं, "तुम्ही या गावचे मतदार का?" मी नाही म्हणालो. विषय संपला. गावातला एक माणूस माझ्याबरोबर सही करायला आला नाही. मशीनवर रोजगार मिळणार होता.

त्यानंतर अक्काचा उजवा हात मी पदराबाहेर पाहिला नाही. चहाही डाव्या हाताने द्यायची. सुरुंग फुटला की भांडी हलायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिने झाडं वाटून दिलेल्या बाया आता मशीनवर खडीच्या पाट्या उचलतात. एक मला तोंडाला बांधलेलं फडकं खाली करून म्हणाली, "मनं झाड काल गयं, भाऊ," आणि पुन्हा पाटी उचलायला वाकली.

शेवटचा भेटलो तेव्हा अक्का खाटेवर होती. मी जामनेरकडून चांगली सीताफळं आणली होती. तिने डाव्या हाताने एक उचललं, अंगठा फिरवला. "कोनता डोंगर?" मी सांगितलं. तिने फळ माझ्या हातात परत ठेवलं. "डोया नही उघडनात. लई जाय." डोळे चांगले उघडलेले होते. मी त्या दिवशी वाद घातला नाही. पुढचा बहार यायच्या आत ती गेली.

यंदा गावात नवी सून आली. तिला कुणी कुठे नेलं नाही. न्यायला आहे काय? निम्मा डोंगर रस्त्याखाली गेलाय, राहिलेल्यावर इतकी धूळ बसलीय की पाखरूही टेकत नाही. अक्काचा काळा दगडही फोडला. मी त्या गावात आता धंदा करत नाही, करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

लोक म्हणतील, बागवानाचा बहार बुडाला म्हणून तो बोंबलतोय. म्हणू द्या. बुडालाच आहे. पण सरपंच, तो फोटो माझ्याकडेही आहे. मी तो नीट बघितला आहे. अक्काच्या शेजारी, लहानपणी उभा राहायचास तिथेच तू उभा आहेस, तोंड उघडं आहे, आणि तुझाही हात वर आहे. तुझ्या चुलतीने तिच्या हाताचा जबाब दिला, वाटेतून उठून दिला. आता तू दे. त्याच पारावर, त्याच बायांसमोर उभा राहा आणि सांग, तो हात तू कशासाठी वर केला होतास?