लेकीचा मेंढा, माझा वैरी

आमच्या घरात माझ्यावर डूख धरून असलेले दोघं आहेत. एक माझा थोरला भाऊ. तो जतकडच्या माळावर अजून मेंढरं राखतो, आणि मी शिरवळच्या कंपनीत गार हवेत बसतो म्हणून मला माणसात धरत नाही. दुसरा त्याचा मेंढा. भाऊ निदान बोलून दाखवतो. मेंढा बोलत नाही, मागून येतो.

मेंढ्याचं वैर लेकीमुळं लागलं. गेल्या दिवाळीत एक मेंढी विताना मेली, आणि तिचं कोकरू लेकीनं बाटलीनं दूध पाजून जगवलं. सुट्टीभर ते तिच्या फ्रॉकचं टोक चोखत मागं फिरत होतं. सुट्टी संपली तेव्हा रडणाऱ्या लेकीला उचलून मी गाडीत बसवलं. उन्हाळ्यातही तेच. पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाच्या त्या जनावरानं हिशेब पक्का केला असावा: हा माणूस आला की पोरगी जाते.

यंदा दिवाळीला गेलो तर कोकराचा मेंढा झालेला. माझ्या कमरेला लागेल एवढा. गाडीतून उतरून पिशवी काढायला वाकलो आणि पहिली ढुशी तिथंच खाल्ली. लेक धावत आली. मला वाटलं, माझ्याकडं. ती त्याच्या गळ्यात पडली.

भाऊ ओट्यावरून म्हणाला, "वळीखलं म्हनायचं."

"तात्या, बांधून ठेवा की ह्याला!" मी ओरडलो.

"चारच दिस. पाडवा झाला की खाटकाला देतुया."

लेकीचा चेहरा उतरला. भावाचं म्हणणं सरळ होतं. बाटलीवर वाढलेलं कोकरू कळपात मिसळत नाही; चुलीपाशी बसतं, भाकरी मागतं. "ह्यो मेंढा न्हाई, पावना हाय. अशा पावन्याला किती दिस पोसू? एक पावना वर्साला येतुयाच." हे माझ्याकडं बघून.

"त्याला द्यायचं नाही," लेक म्हणाली.

"मग पाडव्याला पळवून दाव. त्येच्या मागं कळप आला तर ऱ्हाईल."

आमच्याकडं मेंढरांना बकरीच म्हणतात, आणि पाडव्याला बकरी बुजवतात. त्यांना रंग लावायचा, झेंडूच्या माळा घालायच्या, ढोल वाजवायचा. एक माणूस हाळी देत पुढं पळतो, त्याच्या मागं मेंढा, मेंढ्याच्या मागं सगळा कळप उधळतो. ज्याचा कळप फुटत नाही त्याची वर्षभर मिशी ताठ.

लेकीनं तीन दिवस सराव केला. ती पळायची, मेंढा चार पावलं दुडक्या चालीनं यायचा, तिच्या खिशात नाक घालून उभा राहायचा. कळप लांबून बघत रवंथ करायचा. मी समजूतदार बापासारखा म्हणालो, "जाऊ दे गं, आपण ससा आणू." त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. जेवायला वाढलं की ताट घेऊन मेंढ्याशेजारी जाऊन बसायची.

पाडव्याला सकाळी मात्र स्वतःहून आली. आवाजात नुसता गूळ.

"पप्पा, व्हिडिओ काढा ना. सेल्फीवाला. म्हणजे तुम्ही पण येता."

मी विरघळलो. नवा पांढरा कुर्ता घातला. तिनं मला दोन्हीकडच्या गर्दीच्या मधोमध, कळपाकडं पाठ करून उभं केलं, मोबाइल धरलेला हात वर करून दिला आणि गेली. ढोल सुरू झाला. पडद्यावर मी केस नीट करत होतो, तेवढ्यात माझ्या खांद्यामागं झेंडूची माळ घातलेलं एक पोपटनाक दिसलं. ते मोठं होत होतं. त्याच्याही मागं लेक रिकामी दोरी हातात घेऊन उभी होती.

मी पळालो. कॉलेजनंतर पहिल्यांदा. हाळी द्यावी लागली नाही, तोंडातून आपोआप निघत होती. मागं मेंढा आणि त्याच्या मागं, भावाची शपथ, अख्खा कळप. एक शेपूट वाकडं गेलं नाही. लोक टोप्या उडवत होते. पळायची जागा संपली तिथं कडब्याची गंजी होती. तिच्यात मला मेंढ्यानंच पोचवलं.

कडबा झाडत उठलो. लेक धापा टाकत आली, मेंढ्याचं कपाळ चाचपून त्याला म्हणाली, "लागलं का रे?"

"त्याला?" मी विचारलं.

"तो माझ्यामागं नुसता चालतो, पप्पा. पळतो फक्त तुमच्यामागं."

भाऊ मिशीवर हात फिरवत आला. कुर्त्यावर मागं उमटलेल्या मेंढ्याच्या गुलालमाखल्या कपाळाकडं त्यानं बराच वेळ पाहिलं.

"ऱ्हाऊ दे त्येला," तो लेकीला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आन् तू म्होरल्या पाडव्याला सुट्टी काडायची. दुसऱ्या कुनामागं त्यो पळायचा न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मला मेंढरांच्या कामाला लायक ठरवलं होतं. मेंढा अजून माझ्याकडंच बघत होता.