परातीतली पावलं

देवाशी माझं तेव्हा बोलणं बंद होतं. मध्य भारताचं राज्य नवं होतं, इंदूरच्या कचेरीत मला पक्की नोकरी होती, पण आमच्या सहा वर्षांच्या कुमूचं ऐकणं एका तापात गेलं आणि मग हळूहळू तिने बोलणंही सोडलं. बायको नेमाने दिवा लावायची. मी त्या वेळी कॅमेरा पुसत बसायचो. सुट्टीला रस्त्यावरची माणसं टिपायची, एवढीच माझी पूजाअर्चा.

दसऱ्याला नदीकाठच्या मैदानात बंगाली मंडळींच्या दुर्गेचं विसर्जन होतं. निघताना बायको म्हणाली, "फोटोच्या चक्करमध्ये पोरीला विसरू नका हं. पूरा ध्यान ठेवा." कॅमेऱ्याला दोन्ही हात लागतात, म्हणून मी नेहमीसारखं कुमूच्या मुठीत कोटाचं टोक दिलं. त्याला ओढ असेतोवर मी निर्धास्त.

मांडवात सवाष्णी एकमेकींच्या गालांना सिंदूर फासत होत्या. ढाक, म्हणजे त्यांचा तो मोठा ढोल, छातीत घुमत होता. मी कॅमेरा पोटाशी धरून त्याच्या काचेत वाकून पाहत होतो, तेवढ्यात काचेच्या उजव्या कडेने कुमूचा हिरवा फ्रॉक सरकला. कोटाला ओढ नव्हती. मी उजवीकडे धावलो. त्या काचेत डावं ते उजवं दिसतं हे मला झोपेतही ठाऊक, पण भीतीपुढे अक्कल चालत नाही. उजवीकडे नदी होती.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. पाणी गढूळ, भरलेलं. झेंडूची एक माळ त्यात गोल फिरत होती. जिला ऐकू येत नाही तिला मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पाण्यात उतरावं की मैदानात शोधावं, काही कळेना. ज्याच्याशी अबोला धरला होता त्यालाच म्हणालो, काहीही कर, पण पोर दे.

मांडवाकडे परत धावलो तर सिंदुराने तोंड माखलेल्या एका बाईने माझं मनगट धरलं. मूर्तीपुढे पाण्याची परात होती, पाण्यात आरसा. निरोपाआधी त्यात देवीचे पाय पाहायचे, अशी त्यांची रीत. "मेरी बच्ची खो गई," मी म्हणालो. ढाकच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं. "पहले माँ का पाँव देखो, दादा," म्हणत तिने मला खाली ओढलं. मला तिचा भयंकर राग आला, पण हात झटकायचंही त्राण नव्हतं. मी वाकलो.

हलत्या पाण्यात देवीची पावलं दिसली, आणि पावलांच्या बाजूला, मूर्तीमागच्या पडद्याखालच्या फटीत, हिरवा कपडा. उभ्याने तो दिसलाच नसता. मी पडदा सारला. मूर्तीमागे ढाकवाला वाजवत होता आणि कुमू त्या ढोलाच्या दुसऱ्या बाजूला दोन्ही तळवे लावून, डोळे मिटून उभी होती. मी तिला उचललं आणि सगळ्यांदेखत रडलो. तिने माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडून म्हणाली, "बाबा, इथे पण वाजतंय."

त्या बाईचे आभार मानायला गेलो तर सगळ्यांचीच तोंडं लाल. ती कोण, हे शोधायचं मी पुढे सोडून दिलं. कुमूचे कान परत आले नाहीत, आणि त्यावरून मी आता भांडत नाही. मी नको म्हणत असताना कुणीतरी मला वाकवलं, एवढं मला जन्माला पुरतं. दर दसऱ्याला मी त्या मांडवात आधी परातीपुढे वाकतो, मग कॅमेरा उघडतो. कुमू आता मोठी झाली आहे. तरी मी वाकलो की माझ्या कोटाचं टोक धरते.