मागे वळायचं नसतं

मी आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही, आणि तरीही एक अख्खा हंगाम एका गोलकीपरला शिकवलं. हे आज मी शांतपणे सांगते आहे. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

बँकेने माझी बदली सांगलीहून कोलकात्याला केली तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. बालीगंजमध्ये फ्लॅट मिळाला, शाळा मिळाली, नवऱ्यालाही त्याच्या कंपनीने इथल्या ऑफिसात जागा दिली. सगळ्यांची सोय झाली, फक्त लेकीला मैत्रिणी मिळेनात. शाळेत मुली आपापसात बंगाली बोलायच्या आणि ही ऐकत बसायची. घरी मराठी बोलायची, तेही जेवढ्यास तेवढं. वर्षभरात ती इतकी गप्प झाली की शेजारच्या बाईंनी एकदा जिन्यात मला थांबवून विचारलं, मुलीला ऐकू येतं ना नीट? मी म्हटलं, येतं. आणि घरात येऊन, दार लावून रडले.

मग आमच्या पाड्यातल्या क्लबात मुलींची फुटबॉल टीम निघाली. इथे वस्तीला पाडा म्हणतात आणि प्रत्येक पाड्याला एक क्लब असतो. क्लबात एक कॅरमबोर्ड असतो आणि पुष्कळ मतं असतात. टीममधल्या सगळ्यांना गोल मारायचे होते, अडवायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी तक्रार करणारी म्हणून आमच्या लेकीला गोलमध्ये उभं केलं. त्या दिवशी ती हातमोजे न काढताच जेवायला बसली. पंधरा दिवसांत तिला दोन मैत्रिणी झाल्या. एकीने तर घरी नेऊन माशाचं कालवण खायला घातलं, आणि घशात काटा अडकला हेसुद्धा लेकीने मला आनंदाने सांगितलं. ते हातमोजे गेले असते तर माझी मुलगी पुन्हा मुकी झाली असती. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, म्हणून आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

अडचण एकच होती, कोच.

साठी उलटलेले गृहस्थ. तरुणपणी एका ऑफिसच्या टीममधून फॉरवर्ड खेळलेले, म्हणजे जन्मभर फक्त गोल मारलेले. आता पोट सुटलेलं आणि हातात बारा महिने छत्री. मुली त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादा म्हणू लागले. ते मला बौदी म्हणत, म्हणजे वहिनी. नातं असं गोड जुळलं तरी माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. लेकीला शिकवायचे म्हणजे काय करायचे, तर तिला गोलमधून बाहेर काढून जिथून फॉरवर्ड बॉल मारतो तिथे आपल्या शेजारी उभं करायचे आणि विचारायचे, "इथून गोल केवढा दिसतो? मी कुठे मारीन?" ती बोट दाखवायची. ते म्हणायचे, "चूक," आणि छत्रीने दुसरा कोपरा दाखवायचे. अर्धा तास हा खेळ. उरलेला अर्धा तास एकच धोशा, की ओरड. पुढच्या मुलींना मागचं दिसत नाही, तुला सगळं दिसतं, तेव्हा गोलकीपरने ओरडायचंच असतं.

सूर कसा मारायचा, पडायचं कसं, याबद्दल अवाक्षर नाही. पोरगी कोपरांवर आपटायची आणि घरी येऊन हळद लावून घ्यायची.

शेवटी मी त्यांना हिंदीत विचारलंच, की दादा, तुम्ही स्वतः कधी गोलमध्ये उभे राहिलात का?

"कधीच नाही," ते म्हणाले. "पण गोलकीपर कशाला घाबरतो ते मला चांगलं माहीत आहे. मलाच घाबरायचे ते."

जी जागा तुम्ही कधी खेळला नाहीत ती दुसऱ्याच्या लेकराला कशी शिकवणार, एवढा साधा माझा प्रश्न होता. तो मी नवऱ्याला विचारला, एस्प्लनेडला बँकेत जेवणाच्या सुट्टीत विचारला, इस्त्रीवाल्यालाही विचारला. इस्त्रीवाल्याचं मत कोचच्या बाजूने पडलं, तेव्हा मी विचारणं बंद केलं आणि स्वतःच कंबर कसली.

कारण मी सांगलीकडची. नऊ वर्षं खो-खो खेळलेली, जिल्ह्याच्या टीममधून खेळलेली. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करावा तर मीच. जमिनीवर कसं पडायचं हे या शहरात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही. आमच्या गच्चीवर एक जुनी गादी टाकली, पाण्याच्या टाकीच्या दोन पाइपांना गोलचे खांब मानलं आणि शनिवारी सकाळी शिकवणी सुरू केली. आधी खांदा टेकवायचा, मग कूस, कोपर कधीच नाही. सूर मारला की उठायचं, पाइपला हात लावायचा, मगच परत फिरायचं. महिन्याभरात कोपरं बरी झाली.

"आई, तू गोलकीपर होतीस?" तिने एकदा विचारलं.

"नऊ वर्षं सूर मारलेत मी," मी म्हटलं.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. तिने मैदानावर जाऊन सांगितलं की माझी आई नऊ वर्षं गोलकीपर होती. मुली माझ्याकडे आदराने बघू लागल्या. मी काही दुरुस्ती केली नाही. बदलीच्या गावात कुणी आदराने बघतंय, तर बघू द्यावं.

आता सुराबरोबर बाकीचंही आलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा खांदा ज्या बाजूला वळवला त्या बाजूलाच जायचं असतं. खांब गाठेपर्यंत मागे फिरलात की फाऊल. आणि आमचे सर सांगायचे, मैदानावर फक्त खो म्हणायला तोंड उघडा, बाकी दम पायांसाठी ठेवा. हे नियम म्हणून माझ्या डोक्यात नाहीतच, ते अंगात आहेत. गच्चीवर मी लेकीला शंभरदा म्हणाले असेन, "एकदा बाजू धरली की धरली. मागे वळायचं नसतं. आणि बडबड नको." जी मुलगी बोलत नाही म्हणून मी दार लावून रडले होते, तिलाच मी सांगत होते की बडबड नको. एवढी शिकलेली बाई मी, पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाड्यापाड्यांची स्पर्धा लागली. पहिल्या दोन सामन्यांत तिने असे सूर मारले की क्लबातली मतं काही काळ एक झाली. कोच म्हणाले, "डाइव्ह सुंदर आहे, बौदी." मी म्हटलं, "हो." त्यापेक्षा जास्त विनय मला त्या दिवशी जमला नाही.

तिसऱ्या सामन्यात समोरच्या मुलीने उजवीकडे बॉल मारला. आमची तिकडे झेपावली, मुठीने बॉल ढकलला. बॉल खांबावर आपटून परत आला आणि तिच्या पाठीमागून हळूहळू, अगदी फिरायला निघाल्यासारखा, डावीकडे घरंगळू लागला. ती उठली. तिने मान वळवून बॉल पाहिला. तिला तो दिसला, हे मी शपथेवर सांगते. मग ती सरळ पुढे खांबाकडे गेली, खांबाला हात लावला आणि मग परत फिरली. तोवर समोरच्या मुलीने तो सावकाश आत सारला होता.

मैदान हसलं.

सामना गेला. कोचनी तिला विचारलं, बॉल मागे होता, वळली का नाहीस? ती म्हणाली, "मागे वळायचं नसतं." त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मी दहा पावलांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही. मार खाल्ला असता तर परवडलं असतं मला. कोच तिला हळूच म्हणाले, येत्या रविवारी शेवटचा सामना आहे, त्यात दुसरी मुलगी उभी राहील. तिने हातमोजे काढले, मोज्यांची जोडी गुंडाळतात तसे एकात एक घातले आणि त्यांच्या हातात दिले.

घरी ती चार दिवस बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं तरी बोलली नाही. नवरा मला एवढंच म्हणाला, "तू जाऊन सांग." मी त्याला म्हटलं, तू यात नाक खुपसू नकोस. आणि गुरुवारी बँकेतून लवकर निघून, लेकीला क्लासमधून घेऊन सरळ मैदानावर गेले.

सराव चालू होता. सगळ्या टीमसमोर, माझ्या मोडक्या बंगालीत आणि बऱ्या हिंदीत मी सांगितलं की मी गोलकीपर कधीच नव्हते. मी खो-खो खेळायचे. मागे न वळणं मी शिकवलं, गप्प राहणंही मीच शिकवलं. चूक माझी, शिक्षा तिला. मी बोलत असतानाच मुली माझ्याऐवजी लेकीकडे बघू लागल्या. ती खाली बघत होती.

कोचनी छत्रीच्या टोकाने माती उकरली. "माझे निम्मे गोल असेच आहेत," ते म्हणाले. "परत आलेल्या बॉलवर मारलेले. पण हे गोलकीपरला सांगावं लागतं, हे मला सुचलंच नाही. म्हणजे मी कधी गोलमध्ये नव्हतो, तुम्ही कधी फुटबॉलमध्ये नव्हतात. बिचारीला अर्धा अर्धा कोच मिळाला." मग त्यांनी ते हातमोजे माझ्यापुढे धरले. "घाला, बौदी. एक बॉल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. पहिली गोष्ट कळली ती ही, की आतून गोल फार मोठा असतो. दोन्ही बाजूंना नुसती रिकामी जागा आणि मध्ये आपण. रोज ही इथे उभी राहते, एकटी, हे मी इतके दिवस बाहेरून बघत होते.

कोचनी छत्री हातात तशीच ठेवून बॉल मारला. मी सूर मारला. इतक्या वर्षांनीही खांदा आधी टेकला, याचा मला अभिमान आहे. मूठ लागली, बॉल खांबावर बसला आणि माझ्या पाठीमागून चालू लागला. मला तो दिसला. आणि पाय खांबाकडे निघाले. माझं अंग माझं ऐकेना.

"आई, वळ! मागे वळ गं!"

गोलच्या मागून आवाज आला. हा आवाज मी सांगली सोडल्यापासून ऐकला नव्हता. मी वळले. बॉलवर उपडी पडले, नाकातोंडात माती गेली, पण बॉल अडला.

कोचनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिला म्हणाले, "हा आवाज इतके दिवस कुठे होता?"

ती हळू म्हणाली, "बंगालीत ओरडता येत नाही. शब्द आठवेपर्यंत बॉल येतो."

"मग तुझ्या भाषेत ओरड," ते म्हणाले. "आम्ही शिकू." आणि त्यांनी त्या सगळ्या मुलींना ओळीत उभं करून तिच्याकडून चार शब्द पाठ करून घेतले. मागे, पुढे, डावीकडे, वळ. डावीकडे कुणालाच नीट म्हणता येईना, तेव्हा ती हसली. मी हातमोजे काढून, माती झटकून तिला दिले. कोच काही बोलले नाहीत, म्हणजे मिळाले.

रविवारचा सामना बरोबरीत सुटला. एक गोल तिने खाल्ला, तो खाण्यासारखाच होता. परत आलेल्या दोन बॉलांवर मात्र ती वळली. बाकी सगळा वेळ ती मराठीत ओरडत होती आणि चार बंगाली मुली तिच्या शब्दाबरोबर डावीकडे धावत होत्या. मी तोंड मिटून उभी होते.

घरी परतताना ती सबंध रस्ताभर बोलत होती, तेही भसाड्या आवाजात, कारण घसा बसला होता. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, मैदानावरून जात होते, तुमच्या मुलीचा आवाज केवढा आहे हो. मी म्हटलं, हो, आहे. आणि घरात येऊन, या खेपेला दार न लावताच रडले.